हायब्रिड गाडीच्या ब्रेकवर माझा पाय

नागपूरला उमरेड रोडवर पुढे आमचे गॅरेज आणि मागे दोन खोल्या. मधे एक दार. लग्न होऊन आले तेव्हा वाटले होते, गॅरेजशी आपला संबंध यांच्या कपड्यांवरच्या काळ्या डागांपुरताच राहील. पण दुसऱ्याच महिन्यात यांनी त्या दारातून हाक मारली, "अवं, जरा येऊन बस इथं." एक जुनी जीप उभी होती. तिच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून मला ब्रेकचे पेडल दाबायचे होते.

ब्रेकच्या नळ्यांत तेल असते. त्यात हवा शिरली की पाय नुसता खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एक खाली चाकाशी, एक वर पेडलवर. हे खालून म्हणत, "दाब." मी दाबे. "धर." मी धरून ठेवी, हे चाकाजवळचा स्क्रू सैल करत आणि रबरी नळीतून बुडबुडे बाटलीत येत. स्क्रू आवळला की, "सोड." चारही चाके झाली की विचारत, "काय म्हणते वं पाय?"

त्याला माझी तीन उत्तरे होती. पोकळ, नरम किंवा कडक. कडक म्हटले की गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. इतकी वर्षे या धंद्यात माझे बोलणे एवढेच. गिऱ्हाईक आले की मी दाराआड. ड्रायव्हरच्या जागेवर हजारदा बसले असेन, पण गाडी एक हातही पुढे नेलेली नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. उमरेडला वडिलांचा हातमाग होता. चौथीनंतर मी त्यांच्याजवळ सुताच्या कांड्या भरायला बसले. लिहिण्याची सवय मात्र गेली नाही. ही वही माझी मला आहे. मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे एक गाडी आली होती, तिचे लिहायचे राहून गेले होते. आज बसले आहे.

धान कापणीचे दिवस होते. सोमवारी सकाळी एक बाई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या आसपास, केस अगदी लहान कापलेले. त्यांचे यजमान गेले तेव्हापासून रामटेकजवळची धानाची शेती त्याच पाहत होत्या. दर शनिवारी स्वतः गाडी चालवत जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. गाडी हायब्रिड होती. म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि बॅटरीवरही. बॅटरी कुठे लावून भरावी लागत नाही, गाडी चालता चालता आपली आपणच भरते. एवढे मला तेव्हा ऐकून माहीत होते.

बाईंनी एक कागद आणला होता. त्यावर गाडी कधी त्रास देते आणि कधी देत नाही, हे दोन रकान्यांत लिहिलेले. मोठ्या रस्त्यावर वेगात असताना काही नाही. सिग्नलजवळ थांबताना मात्र अगदी शेवटच्या चार हातांत गाडी अडखळायची आणि मागून खरखर यायची. आणि रामटेकच्या गडावरून उतरताना वरून खालपर्यंत सारखी खरखर, पायाखाली थरथर. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सांगितले होते की ब्रेकचे पूर्ण युनिट बदलावे लागेल आणि ते यायला महिना लागेल.

"महिना माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "रविवारी मुलगा पुण्याहून येतोय. त्यानं गिऱ्हाईक पाहून ठेवलंय. गाडी विकायची आणि मी ड्रायव्हर ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. ड्रायव्हर ठेवला की मी शेतात जाणार नाही मिस्त्री, मला शेतात नेलं जाईल."

हे कागद वाचत होते. "हे तुम्ही लिहिलं?"

"हो. काही चुकलं का?"

"नाही मॅडम. डॉक्टरकडं जाताना लोक इतकं लिहून नेत नाहीत."

गाडी शनिवारी सकाळी चांगली करून देतो, असे यांनी सांगून टाकले. मी दाराआडून पाहत होते. सांगताना यांचा हात कानाकडे गेला. यांना एखाद्या गोष्टीची खात्री नसली की कान खाजवतात. हायब्रिडचे ब्रेक यांनी तोवर कधी उघडले नव्हते.

त्याच दिवशी यांनी मागची चाके उचलून, टॉर्च मारून आत पाहिले. ब्रेकचे पॅड जाड होते, जवळजवळ नवे. पॅड ज्या चकतीला धरतात ती डिस्कही चकचकीत. सहा वर्षांच्या गाडीचे पॅड असे कसे, म्हणून थोडा वेळ नवल करत बसले. मग म्हणाले, "पॅड चांगले हाय, मंग हवाच असन." आणि मला हाक मारली.

मी गाडीचे दार उघडले आणि पुढून बॉनेटखालून घुंई असा आवाज आला. दोन-तीन सेकंद, मग थांबला. गाडी बंद होती. किल्ली बाजूच्या टेबलावर होती. मनात आले, यांना सांगावे. पण हे खाली आडवे झाले होते, नळी लावत होते, आणि मला वाटले, नव्या गाडीचे असेल काहीतरी, आपण काय सांगायचे. शाळेतही माझे असेच होई. उत्तर येत असे आणि दुसरे कोणी देईपर्यंत मी गप्प.

"दाब."

मी दाबले. इतर गाड्यांत पेडल पायाशी बोलते. हवा असली की पाय आत बुडतो, हवा निघाली की तेच पेडल हळूहळू पायाला उलट ढकलायला लागते. या गाडीत तसे काही झाले नाही. घडी घातलेल्या गोधड्यांच्या थप्पीवर पाय द्यावा, तसे पहिल्यांदाही लागले आणि दहाव्यांदाही. खाली मात्र तेल जोरात धार लावून बाटलीत येत होते. यांना आनंद झाला. म्हणाले, इतका जोर जन्मात पाहिला नाही. आणि विचारले, "काय म्हणते पाय?"

ना पोकळ, ना नरम, ना कडक. चौथा शब्द माझ्याकडे नव्हता. मी म्हटले, "नरम."

म्हणून यांनी आणखी काढले. मी आणखी दाबले. दोघेही इतक्या वर्षांच्या सवयीने, बॉनेटखालच्या डब्यात तेल किती उरले ते न बघता. तो डबा रिकामा झाला आणि नळीत नसलेली हवा आम्ही स्वतःच्या हाताने आणि पायाने आत भरली. हे नंतर कळले. त्या वेळी यांनी गाडी चालू केली तेव्हा एकच लांब भोंगा वाजला आणि समोरचे लाल-पिवळे दिवे एकदम लागले. गाडी जागची हलवण्यासारखी राहिली नाही.

हे उलट्या टायरवर बसून राहिले. मी चहा करून आत बोलावले. चहा घेताना मी सांगितले की दार उघडताना आवाज आला होता, आणि पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच लागला.

"तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"विचारलं तर. पाय काय म्हणते, विचारलं."

"पाय काही म्हणतच नव्हता. मी उगाच नरम म्हणाली."

मला वाटले होते, रागावतील. यांनी कप खाली ठेवला आणि मला दोनदा तेच सांगायला लावले. आवाज किती वेळ आला. दार उघडल्यावर की मी बसल्यावर. पेडल वर येताना कसे आले. इतके प्रश्न यांनी मला लग्न ठरवतानाही विचारले नव्हते.

आमच्या शेजारी स्पेअर पार्टचे दुकान आहे. ते दुकानदार भोंगा ऐकून आले होते. त्यांनी यांना समजावले की यात घाबरण्यासारखे काही नाही. कंपनीनेच युनिट खराब म्हणून सांगितले आहे, तर आता ते पूर्ण गेले म्हणायचे. बाईंना काय कळणार. दुकानदार गेल्यावर मी यांच्याकडे पाहिले. या रस्त्यावर यांना ब्रेकवाले मिस्त्री म्हणूनच ओळखतात. क्लच दुसरीकडे टाकणारे लोकही ब्रेकसाठी इथे येतात. ब्रेक बिघडवून ठेवला, ही बातमी इथून सक्करदऱ्यापर्यंत जायला वेळ लागला नसता.

संध्याकाळी बाई आल्या. मी दाराआड होते. हे उभे राहिले आणि एका दमात सांगितले, "मॅडम, तुमची गाडी सकाळी चालत होती. आता चालत नाही. ते तुमच्या गाडीनं नाही केलं, मी केलं. जुन्या पद्धतीनं हवा काढायला गेलो. या गाडीले ते चालत नाही, हे मले माहीत नव्हतं. माहीत नाही, हे मी तुम्हाले सकाळी सांगाले पायजे होतं."

बाईंनी गाडीकडे पाहिले, मग यांच्याकडे. मला ते पाहवेना. हे एकटेच तिथे उभे होते, हात पुसायचे फडके हातात धरून. मी दारातून बाहेर आले. गिऱ्हाइकासमोर मी कधी आले नव्हते. मी म्हणाले, "पाय माझा होता, बाई."

त्यांना आधी कळलेच नाही. मग यांनी सांगितले की पेडल हीच दाबते, नेहमी. बाई माझ्या पायांकडे पाहायला लागल्या. मी पाय मागे घेतले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले.

"कंपनीत गाडी तीन दिवस होती," त्या म्हणाल्या. "तिथं तिचं काय काय केलं, हे मला कोणीच सांगितलं नाही. तुम्ही दोघांनी सांगितलं. पण रविवार काही पुढे सरकणार नाही, मिस्त्री. बिघडलेली गाडी मुलानं पाहिली तर माझ्या बोलण्याला काही अर्थ राहणार नाही."

"शनिवारी सकाळी," हे म्हणाले. या वेळी हात कानाकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी एका मुलीला बोलावले. ती कन्हानकडून स्कूटीवर येते, पाठीवरच्या पिशवीत स्कॅनर असतो, गॅरेज-गॅरेज फिरून नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर तपासते. तिने येताच काय झाले ते विचारले. यांनी सांगितले. मी काल कशी बसले, काय ऐकले, हे यांनी मला सांगायला लावले.

"काकू, ही गाडी दार उघडलं की जागी होते," ती म्हणाली. "तो आवाज ब्रेकच्या पंपाचा. तुम्ही बसायच्या आधीच तो प्रेशर बनवून बसला होता. काका समजले, काकूच्या पायात ताकद आहे."

"आहेच तशी," हे म्हणाले.

"तुमच्यासाठी असन. गाडीले काही फरक नाही पडत. पायाखाली नुसती स्प्रिंग आहे. तुम्ही किती दाबलं ते कॉम्प्युटर पाहतो आणि चाकाले तो सांगतो."

मग तिने हेही सांगितले की वेगात असताना ब्रेक दाबला तर या गाडीत पॅड लागतच नाहीत. चाके फिरवणारी मोटर उलटे काम करायला लागते, गाडी धरून ठेवते आणि त्यातून बॅटरी भरते. पॅड लागतात ते गाडी अगदी हळू झाली की, शेवटी शेवटी. हे तिच्यासमोर उकिडवे बसून ऐकत होते. साठीला आलेला माणूस, मुलीच्या वयाच्या पोरीसमोर. एक गोष्ट तीनदा विचारत होते. "म्हणजे पॅड बसूनच राहते?" "मंग मोटर सोडते अन् पॅड धरते, ते कोणाले कळते?" ती न कंटाळता सांगत होती. मला तिचेही कौतुक वाटले आणि यांचे जास्त. हे गल्लीत कोणाकडून काही शिकून घेतात, असे मी पाहिले नव्हते. लोकच यांच्याकडून शिकतात.

हवा काढायला तिने मला पेडलवर बसवले. पण या वेळी खालून यांचा आवाज नव्हता. स्कॅनरवर लिहून येई, दाबा, सोडा, आणि ती वाचून दाखवी. डब्यातले तेल हे सारखे पाहत होते, एका बोटानेही कमी होऊ देत नव्हते. दुपारपर्यंत भोंगा थांबला आणि एकेक करून सगळे दिवे गेले. मला वाटले, झाले. हे गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आले. उतरले तेव्हा चेहऱ्यावरून कळले. खरखर होतीच.

मुलीने पुन्हा स्कॅनर लावला. "मशीनमध्ये एकही एरर नाही, काका. मशीनच्या हिशेबानं गाडी चांगली आहे." तिला दुसरीकडे जायचे होते. ती गेली.

हे बाईंचा कागद घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. मी भाकरी करत होते. यांनी बोलत बोलत विचार करायला सुरुवात केली. वेगात खरखर नाही. वेगात मोटर धरते. शेवटच्या चार हातांत खरखर आहे. शेवटी पॅड धरते. म्हणजे रोग पॅडकडे. पण गडावरून उतरताना वरून खालपर्यंत खरखर होते. उतारावर तर मोटरने धरायला पाहिजे. इथे अडले. तसेच उठले आणि मुलीला फोन केला. ती म्हणाली, लांब उतारावर बॅटरी पूर्ण भरून जाते. भरली की मोटर आणखी घेत नाही. मग सगळा भार पॅडवर.

यांनी फोन ठेवला आणि मांडीवर हात मारला. "रोग पॅडकडंच हाय. मॅडमनं कागदावर लिहूनच दिलं होतं, मलेच वाचता नाही आलं."

मी म्हटले, पॅड तर नवे आहेत.

"नवे नाही वं. बसून राहिलेले. कामच नाही केलं त्यायनं."

हे ऐकून मला वडिलांचा माग आठवला. आई बाळंतपणाला गेली होती त्या पावसाळ्यात माग तीन महिने बंद होता. उघडला तेव्हा लाकूड ठीक होते, पण लोखंडी खिळे आणि पट्ट्या गंजून जागच्या जागी धरल्या होत्या. रोज चालणारा माग झिजतो पण अडत नाही, असे वडील तेव्हा म्हणाले होते. मी यांना ते सांगितले. दोन दिवसांत मी यांच्याशी जितके बोलले तितके एरवी महिन्यातही बोलत नाही.

बुधवारी सकाळी उजाडता उजाडता हे मला घेऊन रिंग रोडवर गेले. मी शेजारच्या सीटवर. रस्ता मोकळा होता. आधी यांनी तशीच गाडी चालवून ब्रेक दाबला. गाडी मऊ थांबत आली आणि शेवटी खरखरली. मग यांनी चालत्या गाडीत गिअर न्यूट्रलला टाकला. न्यूट्रलमध्ये मोटर हात काढून घेते, सगळे काम पॅडलाच करावे लागते, हे यांनी मुलीकडून विचारून घेतले होते. ब्रेक दाबला आणि पहिल्यापासूनच खरखर सुरू झाली. पाठीमागून, माझ्या बाजूने जास्त. यांनी पुन्हा केले, पुन्हा तेच. यांना इतका आनंद झालेला पाहून समोरून येणारा दूधवाला थांबून बघायला लागला.

घरी आल्यावर यांनी काय केले ते मी नीट लिहून ठेवते. आधी बॉनेटखालची छोटी बॅटरी सोडली, म्हणजे गाडी जागी होणार नाही. कॅलिपर म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा लोखंडी पंजा. त्यात बोटे असताना पंप चालू झाला तर बोट जाईल. किल्ली मला दिली आणि गाडीपासून लांब ठेवायला सांगितले. मी ती तूरडाळीच्या डब्यावर ठेवली. मग मला स्टूल देऊन गाडीच्या दाराशी बसवले. कोणी दाराला हात लावू नये म्हणून.

दहाच्या सुमारास शेजारचे दुकानदार चौकशीला आले आणि बोलता बोलता त्यांचा हात दाराच्या कड्याकडे गेला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दुकानदारांनी हात मागे घेतला. वीस वर्षांची शेजारगत. ते यांना म्हणाले, "वहिनीले आवाज आहे, हे आजच समजलं गा."

"मले बी," हे गाडीखालून म्हणाले.

चाक काढून कॅलिपर सोडवायला गेले तर तो सुटेना. ज्या दोन पिनांवर तो मागे-पुढे सरकतो त्या गंजून धरल्या होत्या. तेल टाकून, हळूहळू फिरवत, एक एक करून काढल्या. हातोडा उचलला नाही. कॅलिपर निघाला आणि आतला पॅड दिसला. तो आपल्या खाचेत घट्ट रुतून बसला होता. डिस्कची बाहेरची बाजू आरशासारखी, आणि आतली बाजू जुन्या तव्यासारखी, गंजाचे थर आणि रेघा. सोमवारी टॉर्च मारला होता तो बाहेरूनच. हे बराच वेळ आतल्या बाजूकडे पाहत होते. मग मला बोलावून दाखवले. स्वतःची चूक दाखवायला बोलावले, हे मला तेव्हाच कळले.

डिस्क लेथवर नेऊन दोन्ही बाजू सारख्या करून आणल्या. पॅड नवे टाकले. खाचा तारेच्या ब्रशने, मग बारीक कानशीने, मग कापडाने साफ केल्या. पिना पुसून, त्यांचे खास ग्रीस लावून बसवल्या. दोन दिवस लागले. चारही चाकांना तेच केले, जिथे त्रास नव्हता तिथेही. पुढच्या एका पिनेला हाताने फिरवताना जराशी अडचण वाटली तर यांनी ती चौथ्यांदा काढली. मी म्हटले, ही तर चालते आहे. म्हणाले, "चालते अन् सरकते, यात फरक हाय." शेवटी कॅलिपर दोन बोटांनी ढकलला तर दाराच्या चांगल्या कडीसारखा सरकला. वाकून काम करून पाठ धरली होती, तरी यांनी तो पाच-सहा वेळा उगाच सरकवून पाहिला.

शनिवारी सकाळी बाई आल्या. यांनी सांगितले, खात्री इथे होणार नाही, गडावर होईल. बाई म्हणाल्या, मी तिकडेच चालले आहे, चला. मला म्हणाल्या, "तुम्हीही. पाय तुमचा होता ना." मी मागच्या सीटवर बसले.

कन्हानच्या पुलापुढे दोन्ही बाजूंना कापलेले धान आडवे पडलेले होते. बाई मधे मधे ओळखीची शेते दाखवत होत्या. गड चढून वर गेलो. गाडी उभी करताच दोन माकडे बॉनेटवर येऊन बसली. त्यांना हाकलायला हे उतरले. बाई स्टिअरिंग धरून बसूनच होत्या. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. त्या उताराकडे बघत होत्या.

उतरताना यांनी एकच सांगितले, "मॅडम, मी इथं नाही असं समजा." आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

पहिल्या वळणावर बाईंनी ब्रेक दाबला. दुसरे वळण. तिसरे. अर्ध्या उतारावर गाडी पहिल्यापेक्षा जरा वेगळी धरायला लागली, बसलेल्या माणसाला कळेल न कळेल इतके. बॅटरी भरली असावी आणि काम पॅडवर आले असावे. खरखर आली नाही. थरथर आली नाही. यांचा हात मांडीवर पालथा पडला होता, तो तसाच राहिला. खाली पोहोचल्यावर बाईंनी नारळाच्या दुकानाजवळ गाडी हळू हळू करत थांबवली. तेच शेवटचे चार हात. गाडी थांबली, ते मला खिडकीतून नारळवाल्याची पाटी सरकायची थांबली तेव्हा कळले.

कोणी काही बोलायच्या आत हे उतरून खाली बसले. प्रत्येक चाकाजवळ तळहात नेला, न टेकवता, जरा दूर धरून. चारही चाकांना. मग मला म्हणाले, "तूही पाह्य." लोक बघत होते. फुलवाल्या बाया, दर्शनाला आलेले लोक. मी उतरले आणि गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाशी हात धरला. एखादे चाक अडून राहिले असते तर ते जास्त तापले असते. पुढची दोन जास्त गरम होती, पण दोन्ही सारखीच. मागची दोन कोमट, तीही सारखीच.

"काही फरक?" बाईंनी खिडकीतून विचारले. यांना नाही, मला.

"नाही," मी म्हणाले. "डावं उजवं सारखं आहे. पुढच्यांना भार जास्त असतो म्हणून ती जास्त तापली. मागची आता त्यांच्या वाटणीचं काम करत आहेत."

बाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. उद्या जेवायला ये, म्हणाल्या, गिऱ्हाइकाला आणू नकोस. तिकडून तो काहीतरी बोलत राहिला. बाई ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आत्ताच गडावरून उतरले. मीच चालवत होते." यांनी त्यांना न विचारता आणखी एक सांगितले, की आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून दोन-चारदा ब्रेक दाबत जा, पॅडला बसू देऊ नका. बाईंनी पर्समधून पेन काढून ते त्यांच्या कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहून घेतले.

शेतावर चला, धान बघा, म्हणून त्यांनी आम्हाला खूप आग्रह केला. यांनी नको म्हटले. त्यांनी एकटीने जायला पाहिजे, हे यांनी मला नंतर सांगितले. सोबत मिस्त्री बसलेला असला की माणूस गाडीवर नाही, मिस्त्रीवर भरवसा ठेवते.

बाई गेल्या. शेताकडे वळण्याआधी त्यांनी गाडी नीट थांबवून एका बैलगाडीला पुढे जाऊ दिले. आम्ही दोघे बस स्टँडकडे चालत निघालो. नागपूरच्या बसला अर्धा तास होता. यांनी माझ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक, असे दोन पेरू घेतले.